शरणम्मा पेवात उडी मारणार नाही

"ऐतिहासिक गोष्टीत बाई आली, की आधी वीज कडाडली पाहिजे! कामून म्हणून विचारायचं न्हाई!"

ऐकलंत? हा आमच्या मुकुंदकाकांचा नियम. तुम्हाला सांगते, देवाला प्रश्न विचारा, चालेल, पण या विजेला नाही! मी एवढंच म्हटलं, "काका, माझ्या गोष्टीत दुष्काळ आहे, आभाळात ढग नाही, वीज आणू कुठून?" तर म्हणाले, "हैदराबादेत बी.ए. करून हेच शिकलीस व्हय गं अनू? ढग लागतो शेताला. रंगभूमीला पडद्यामागं वाजवलेला पत्रा पुरतो!"

अहो, रंगभूमी कुठली? गोष्ट आहे माझी, गोष्ट! पण झालं काय, यंदा निंबर्ग्याच्या उत्सवात नाटकाला तहसिलीतून परवानगी मिळाली नाही, वाचनाला मिळाली, आणि उत्सव ठरवणाऱ्या काकांच्या मंडळींच्या पोटात वर्षभराचं नाटक तुंबलेलं... ते सगळं माझ्या गोष्टीवर सांडलं! पहिली गोष्ट हो, माझ्या नावानं चारचौघांत वाचली जाणारी! आणि अट काय? सांगितलेलं घाल, नाहीतर शनिवारच्या वाचनात गोष्टीऐवजी काकांचं भाषण. म्हणजे गावालाही शिक्षाच!

गोष्ट साधी आहे. शरणम्मा नावाची बाई दुष्काळात किल्लेदाराचा हुकूम मोडून गावासाठी जोंधळ्याचं पेव उघडते. जमिनीतलं पेव, तोंड रांजणाएवढं, पोट खोलीएवढं. झालं! पण काका म्हणतात, झाकणावर पाय ठेवून तिनं आधी स्वगत म्हणावं. दीड पान! "काका, भोवती उपाशी गाव उभं आहे." "उभं राहू दे की. स्वगत हाय, त्यांना ऐकू येत न्हाई!"

मग अच्युतराव वकील. हे सोलापूरला जाऊन बोलपट बघून येतात, त्यामुळे यांचं सगळं पडद्यावर. "आधी अख्खा किल्ला दाखव. मग खिडकी. मग शरणम्माचा एकच डोळा... पानभर! त्यात आसू!" मी म्हटलं, "दुसरा डोळा तोवर काय करतो?" "तो अंधारात! आणि इथं एक गाणं." "वकीलसाहेब, मागून किल्लेदाराचे स्वार यायलेत, आणि ही गाते?" "दोनच कडवी. स्वार थांबतात. सोलापूरला थांबले होते की!"

आणि काका मधूनच, "पण वीज कडाडली पाहिजे!"

हे चाललं असतं हो. पण राघोबाअण्णा! घरामागं तीन पेवं, जन्म गेला जोंधळा भरण्यात आणि काढण्यात, आणि हे मांडीवर थाप मारून म्हणतात, "उडी! झाकण सरकलं रे सरकलं, की तलवार घेऊन धाडकन उडी घ्यायची हिनं! आन् वरून वीज!"

टाळ्या! काकांच्या डोळ्यांत पाणी! वकिलांच्या एकाच डोळ्यात!

तुम्हाला सांगते, माझ्या गोष्टीत झाकण सरकल्यावर काहीच होत नाही. गाव बसून राहतं. दाण्याचा वास यायलाय आणि हात लावता येत नाही, कारण आतली कोंदलेली हवा माणूस मारते. दोरीनं दिवा सोडतात. विझतो. पुन्हा बसतात. तिकडून स्वार निघालेत, आणि ही बाई भुकेल्या पोरांना दंडाला धरून मागं ओढते, थांबा म्हणते. मला अख्खी गोष्ट त्या थांबण्यासाठी लिहायची होती!

"बसलेत?" काका म्हणाले. "ह्यात इतिहास कुठं हाय?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. "राघोबाअण्णा," म्हटलं, "उद्या तुमचं पेव उघडायचंय ना? झाकण सरकलं की तुम्ही घ्या उडी. विजेचा पत्रा मी वाजवते. वकीलसाहेब एका डोळ्यानं बघतील, काका स्वगत म्हणतील. तुम्ही जिवंत वर आलात तर शरणम्मा उडी मारेल. तोवर एक शब्द बदलणार नाही. वाचा, नाहीतर राहू द्या!"

राघोबाअण्णांचा थाप मारायला उचललेला हात वरच राहिला; ताज्या उघडलेल्या पेवावर कुणी नुसतं वाकलं तरी शिव्या घालणारा माणूस हो! वकिलांचा डोळा मिटलेला, काकांचं तोंड उघडं... तिघंही चित्रासारखे गोठलेले, नुसता पडदा पडायचा बाकी.

आणि मी मधोमध, एक हात वर करून, टाळीचं वाक्य टाकून उभी! म्हणजे इतकं भांडून शेवटी मीही नाटकच केलं की... वीज तेवढी कडाडली नाही.