राबाखालची तार

रावजी : आता उगवलास? अडीच वाजले! अकरापासून दोन्ही फोन मेलेत. रेंजच्या काड्या बघ, भरलेल्या हायत. आन् लावला की नुसतं टुंई टुंई.

रत्नपाल : काका, मी केबलचं काम करतो. रत्नपाल. बोर्लीहून थेट इथंच आलोय. हे शेत कुणाचं?

रावजी : माझं, रावजीचं. शेताचं काय करायचंय तुला? टॉवर तिकडं टेकडीवर हायत, तिकडं जा! माझी बायको अलिबागला ऑपरेशनच्या टेबलावर हाय रे. पोटात गाठ हाय तिच्या. साडेदहाला आत नेली. पोरगा म्हणाला, बाहेर आणली की लगेच फोन करतो.

रत्नपाल : आणि तुम्ही इथं?

रावजी : तिनंच धाडला परत. ढग येतायत, म्हणाली, पाला भिजला तर भाताची रोपं कशात टाकणार? शेण, पाला, गवत, सगळं तिनंच रचलं होतं ह्या तुकड्यावर. राब भाजा आन् मंगच या, म्हणाली. गोदूपुढं माझं काय चालतं? संध्याकाळच्या एस्टीनं जाणार हाय.

रत्नपाल : भाजला कधी?

रावजी : सकाळी, पावणेअकराला पेटवला. का?

रत्नपाल : सहज विचारलं. दोन्ही फोन एकदमच गेले?

रावजी : एकदमच! तेच तर मना कळत न्हाय. मी काय येडा हाय? ऑपरेशन म्हणून मुद्दाम दुसऱ्या फोनात दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं. एक मेलं तर दुसरं असावं. दोन कंपन्या, दोन टॉवर. दोघांनी एकाच मिनटाला मरायचं ठरवलं काय?

रत्नपाल : टॉवर दोन आहेत, काका. खालची केबल एकच आहे.

रावजी : म्हणजे?

रत्नपाल : टॉवर हवेतनं तुमच्या फोनशी बोलतो, तेवढंच. म्हणून काड्या दिसतात. पुढचं सगळं जमिनीतल्या केबलमधनं जातं. दोन्ही कंपन्या त्याच एका केबलमधनं जातात. बँक, रेशनचं मशीन, दवाखाना, सगळं त्यातनंच.

रावजी : आयला! आन् हे आम्हाला कुणी सांगायचं? मी इथं दोन-दोन रिचार्ज मारतोय!

रत्नपाल : कुणी विचारतच नाही. मीसुद्धा घरी दोन कार्डं ठेवून निवांत झोपायचो, नोकरीला लागेपर्यंत.

रावजी : मंग ती केबल तुटली कुठं? तिकडं जा ना, जोड की बाबा!

रत्नपाल : तिथंच आलोय. बोर्लीच्या ऑफिसातनं तारेत उजेड सोडला. तुटल्या जागेवरनं तो माघारी येतो. किती वेळात आला, त्यावरनं मशीन अंतर सांगतं. नऊ किलोमीटर दोनशे दहा मीटर. मोजत मोजत आलो, तर तुमच्या बांधावर संपलं.

रावजी : माझ्या?

रत्नपाल : इथं एक खड्डा होता, वर फरशी. आत केबलचा जोड असतो.

रावजी : तो व्हय? फरशी तर मागल्या साली फुटली. आत साप शिरायचा, गोदू भ्यायची, म्हणून मी पाल्यानं गच्च बुजवला. हे बघ, इथंच हाय, ह्या राखेखाली...

(रत्नपाल फावड्याने राख बाजूला करतो.)

रावजी : हे काळं काय? टायर जळल्यासारखं?

रत्नपाल : हीच केबल, काका.

रावजी : न्हाय. न्हाय रे. खोटं बोलतोस तू.

रत्नपाल : वास घ्या. आणि हे टोक बघा, ह्याला आग लागलेली नाही. हा केसासारखा धागा दिसतो? काच आहे ही. अशा चोवीस.

रावजी : ह्या केसातनं सगळी गावं बोलतात?

रत्नपाल : सव्वीस गावं.

रावजी : सव्वीस! देवा रे. म्हणजे मीच? सकाळपासून कंपन्यांच्या आयाबहिणी काढतोय, आन् ती तिथं आत गेल्यावर मी इथं काडी लावली? गोदूचा फोन मीच जाळला?

रत्नपाल : बसा खाली. पाणी घ्या. एकट्या तुमचा दोष नाही हा. केबल गोल फिरवलेली असते. इकडून तुटली तर तिकडून बोलणं जावं म्हणून. म्हसळ्याकडची बाजू बावीस दिवसांपूर्वी जेसीबीनं तोडली. रस्त्याचं काम चाललंय ना. मी रोज कळवतोय. कुणी हललं नाही.

रावजी : बावीस दिवस?

रत्नपाल : कागदावर अजून गोलच आहे. उठा, मला हात द्या. छत्री आहे ना? ह्या काच जोडायच्या मशीनवर धरा, राख उडतेय. कण बसला तर काच जुळत नाही.

रावजी : अशी? वाऱ्यानं हालतेय ती.

रत्नपाल : दोन्ही हातांनी धरा. चोवीस जोडत बसत नाही आत्ता, दोन्ही टॉवरच्या तेवढ्या आधी जोडतो. बोलू नका जरा.

रावजी : ...झालं?

रत्नपाल : एक झाली. श्वास तिकडं सोडा, काका.

रावजी : पोरा, तिला काय झालं असलं तर मी काय करू?

रत्नपाल : छत्री सरळ. ही... बसली. आता टॉवरला दोन मिनटं द्या.

रावजी : वाजला! माझाच वाजला! हॅलो? हर्षद?

हर्षद (फोनवर) : बाबा! कुठं होता तुम्ही? सतरा वेळा लावला!

रावजी : आई कशी हाय ते सांग आधी!

हर्षद : बरी आहे. आली बाहेर. पण बाबा, मधेच डॉक्टर आले, म्हणाले नुसती गाठ काढून भागणार नाही, गर्भाची पिशवीही काढावी लागेल, ताबडतोब सही करा. तुम्हाला विचारायचं होतं. लागेचना. पेन घेऊन नुसता उभा होतो मी. मग केली सही. एकट्यानंच.

रावजी : बरं केलंस. बरं केलंस रे लेका. मी तिथं असाया पायजे होतो.

हर्षद : फोन का लागत नव्हता पण?

रावजी : आल्यावर सांगतो. ती बोलतेय का?

हर्षद : आत्ताच डोळे उघडले. पहिला प्रश्न काय, सांगू? राब भाजला का, म्हणते. काय सांगू तिला?

रावजी : सांग, भाजला म्हणावं. अंमळ जास्तच भाजला.