डाळीच्या डब्यातला पंप

मी कमल, मूळची भातकुलीकडची. लग्न होऊन अकोल्याले आली, वीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस उचलला, अन् काय सांगू तुमाले बाई, कापसाची धूळ मले कधी बाधली नाही, पण माझ्या शीतलले सहाव्या वर्षापासून दमा. डॉक्टरनं समजावलं, श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, आवळतात, मंग छातीत शिट्टी वाजते. तोंडानं औषध ओढाचा पंप सोबत ठेवा, लाज धरू नका. मी लाजच धरली.

मागच्या दिवाळीनंतर अमरावतीचे पाहुणे तिले पाहाले आले. शीतल म्हणे, आई, मी सांगून टाकतो त्याईले. मी म्हटलं, गुमान राय, लगन झाल्यावर सांगजो. अन् तिच्या पर्समधला पंप काढून डाळीच्या डब्यात खुपसला. वर घराले चांगला वास यावा म्हणून अगरबत्तीचा अख्खा पुडा लावला. मीच बाई, ह्याच हातानं.

चहा घेऊन ती आली अन् दारातच थांबली. खांदे वरखाली, बोलता येईना, ओठ निळे. कप फुटले. शेजारीण म्हणे, झोपवा तिले, पाणी पाजा. तवा पाहाले आलेल्या पोराची आत्या उठली, तिच्या घरीच दमा, ते ओरडली, आडवं करू नका! बसवा, पुढं वाकू द्या, खिडक्या उघडा, ते अगरबत्ती फेका बाहेर! पंप कुठी हाय पोरीचा?

मी डब्याइकडे धावली. सगळे डबे सारखेच, कोणत्यात टाकला तेच आठवेना. एकेक डबा जमिनीवर उपडा केला, तांदूळ, हरभरा, मूग, अन् मागून ती शिट्टी. मंग शिट्टीबी थांबली, हवाच आत जाईना. बाई, ते थांबणं सगळ्यात वाईट.

तुरीत सापडला. आत्यानं हलवला, एक दाब, चार-पाच श्वास, मंग दुसरा. पोराले म्हणे, अँब्युलन्सले फोन लाव, वाट पाहू नको. गाडी दारात आली तवा शीतल बोलली, आई. एवढंच.

दवाखान्यात आत्या मले म्हणे, पंपाचं वरण करता काय वो तुमी? मी हसली अन् तशीच रडली. त्या स्थळाचा निरोप काही आला नाही.

आता पंप दाराजवळच्या खिळ्याले टांगला हाय, येणाऱ्याले आधी तोच दिसते. तरी इथं तुमच्या पोळ्या लाटतालाटता फोन वाजला का शीतलले काही झालं काय म्हणून माहे हात थांबतात. तुमच्या परदेशातल्या नातीलेबी दमा हाय म्हणता ना? मंग लिहा तिले. म्हणा, पंप लपवजो नको पोरी, कोणी पाहो का न पाहो. तुहा श्वास मोकळा राहो.