नव्या तुरुंगासाठी मत

अमेरिकेत, आयोवातल्या आमच्या गावात नव्या तुरुंगाच्या करावर मतदान होतं. रांगेत माझ्यापुढे म्हातारा लाइल आणि त्याची शेजारीण व्हर्ना बोलत होते.

"चोरांना नवं घर बांधायला मी कर का भरू?"

"लाइल, डार्लीनला विचार. तिच्या पोरानं जुन्या तुरुंगातच जीव दिला ना?"

"तळघरातल्या कोठडीत. वर बसलेल्या पहारेकऱ्याला पत्ताच नाही."

"त्याला वरून दिसणार कसं? डार्लीन आता नव्या तुरुंगाच्या समितीत आहे."

"तुरुंग ज्याच्या ताब्यात, त्या शेरीफच्या शेजारी बसते?"

"बसते. आणि त्या पहारेकऱ्यालाही तिनंच बोलावून घेतलं. म्हणाली, कुठून काय दिसत नाही, ते याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार."

"त्याच पहारेकऱ्याला?"

"हो. बिचारा दारातच थबकला. तिनं आपल्या बाजूची खुर्ची ओढून दिली. दोघांनी मिळून नकाशा तपासला. आता पहाऱ्याच्या जागेवरून प्रत्येक कोठडी दिसेल."

"माझ्याच्यानं झालं नसतं, व्हर्ना."

"माझ्याच्यानंही नाही."

रांग थोडी पुढे सरकली.

"कर किती वर्षं भरायचा?"

"वीस."

"म्हणजे आपण जाऊ, पण कर राहील."

"तुरुंगही राहील, लाइल."

"बरं, तो प्रश्न मतपत्रिकेवर कुठे आहे?"

"मागच्या बाजूला, अगदी तळाशी."