कूलरवरची पवनचक्की

मे महिन्यात आमची प्रोजेक्टची परीक्षा होती वर्ध्याले, आठवते? आम्ही छोटी पवनचक्की बनवलती. वारा कसाही बदलला तरी ग्रिडले वीज एकसारखी गेली पाह्यजे, असा तिचा कंट्रोल. वारा मात्र कूलरचा! बटण 'हाय'वर केलं, की कंट्रोलची पार वाट लागे.

पुण्याचे परीक्षक घामाघूम होऊन आले. आमच्या ग्रुपमधल्या प्रशांतनं गुपचूप कूलर त्यांच्याकडे फिरवला. चक्की थांबली, सरांचे डोळे मिटले.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता वारा वाढवून दाखवा."

प्रशांत म्हणे, "दाखवतो ना सर! फक्त कूलर चक्कीकडे फिरवा लागन."

सरांनी कूलर पाहिला, चक्की पाहिली.

"राहू द्या. वारा नसला की आपोआप थांबते. कंट्रोल उत्तम आहे!"