लाडूची दुपारची बाटली

माह्यं लग्न कोणी जुळवलं, सांगू? लाडूनं. हसू नका वं बायांनो, चहा सांडन!

लाडू म्हणजे आमचं वासरू. त्याची माय त्याले जवळच येऊ देईना, लाथा मारे. म्हणून मीच त्याले बाटलीनं दूध पाजत होती. ते सारं आंग चाटून ठेवे, म्हणून तवा बाबाचा जुना चौकड्याचा सदरा घालत होती.

चिखलीचे पाहुणे मले पाहाले आले, त्या दिवशी मी साडीत. आत्यानं बजावलं होतं, "मान खाली ठेव, विचारलं तेवढंच बोल." त्या गडबडीत लाडूची दुपारची बाटली राहून गेली.

पोराचे वडील विचारून राह्यले होते, "स्वयंपाक येते का बेटा?" आन तेवढ्यात लाडू दावं तोडून सरळ बैठकीत! साडीतल्या मले त्यानं वळखलंच नाही. आन नेमका तसाच चौकड्याचा सदरा पोराच्या आंगात होता. लाडू थेट त्याच्यापाशी गेलं आन सदऱ्याचं टोक चोखाले लागलं.

बाबा उठले, आत्या ओरडली. पोरानं मात्र दोन बोटं लाडूच्या तोंडात देल्ली आन म्हणे, "भुकेजलं हाये हे. बाटली कुठी हाये?"

मी मान वर करून ओरडली, "चुलीजवळ! पन कोमट करून द्या, नाहीतं हगवण लागते त्याले!"

आत्यानं कपाळाले हात लावला.

पाहुणे गेल्यावर माय विचारे, "पोरगा पसंद हाये का वं?"

म्या म्हटलं, "मले काऊन विचारतं? लाडू तं त्याच्या जीपमागं पयत गेलं!"