दारातलं कबूतर

केडगावात चहाला बसलो की मैत्रीण हमखास विचारते, "परदेशात जाऊन सेवा केली म्हंजी नेमकं काय केलंस गं?" मग मी मारियाआजींचं सांगते.

पोर्तुगालमध्ये आमच्या चर्चशेजारी त्या एकट्या राहायच्या. प्रभूची शांती बोलून पोचवण्याइतकी त्यांची भाषा मला येत नव्हती, पण रांगोळी येत होती. एका पहाटे मी दौंडच्या बाजारातून नेलेली रांगोळी घेतली, त्यांच्या दारात उंबरठाभर बायबलातलं शांतीचं कबूतर काढलं आणि घरासाठी प्रार्थना केली.

रोज सकाळी पाव आणायला जाणाऱ्या आजी त्या दिवशी दुपारपर्यंत बाहेरच आल्या नाहीत. मी खिडकी वाजवली आणि मोडकंतोडकं विचारलं, "आजी, रागावलात?"

"रागावू कशाला? भुकेनं जीव चाललाय! बाहेर पडले तर पाखरावर पाय पडेल!"

"अहो, पडू द्या की! आमच्याकडं रांगोळी रोज पुसली जाते, रोज नवी काढतात."

"देवाच्या पाखराला तुडवू?" आजी कडाडल्या.

शेवटी मीच पाव आणून खिडकीतून दिला. पहिला घास गिळत त्या म्हणाल्या, "उद्याही ये, पोरी. फक्त आशीर्वाद जरा कडेला काढ."