खोली नंबर तीनची घंटी

दिनांक १४ फेब्रुवारी २०२५

मी किशोर सावळीराम बोरस्ते, वय ४३ वर्षे, धंदा खाजगी नोकरी (संगणक ऑपरेटर), रा. सिडको, नाशिक. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

दिंडोरी रस्त्यावरील द्राक्षांच्या एका शीतगृहात मी आठ वर्षांपासून नोकरीस आहे. खोल्यांचे तापमान, दार कधी उघडले, आतून मदतीची घंटी कोणी दाबली, हे ऑफिसातला संगणक आपोआप फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्यास लॉग म्हणतात. या फाइली साठून संगणक बंद पडू लागला, म्हणून मॅनेजर अमित कोठुळे यांच्या सांगण्यावरून मी चार ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने आपोआप पाळायच्या आज्ञांची यादी, लिहिली. ती रोज सायंकाळी सहाला चालते आणि तीस दिवसांपेक्षा जुन्या फाइली कायमच्या पुसते. कोणाला विचारत नाही.

दि. ११ रोजी दुपारी १२.४० वाजता लाइट गेली. संगणकातला नाण्याएवढा सेल संपलेला असल्याने, लाइट आल्यावर घड्याळ मागे जाऊन तारीख १ जानेवारी २०१० दाखवू लागली. सेल आणा म्हणून मी चार वेळा सांगितले होते. भिंतीला सांगितले असते तरी चालले असते. गाडी भरायची घाई होती, म्हणून तारीख तशीच ठेवून मी लेबले लावायला बाहेर गेलो.

सुमारे पावणेपाच वाजता मुकादम यादव यांना खोली नंबर तीनमध्ये पेठ तालुक्यातील कामगार लंकाबाई झिपरू गावित बेशुद्ध आढळल्या. दाराचा आतला खटका नादुरुस्त होता. त्यांना सिव्हिलला नेले.

साडेपाच वाजता मी लॉग उघडला. खोली नंबर तीनची घंटी नऊ वेळा दाबल्याची नोंद मी स्वतः पाहिली. प्रत काढायचे सुचले नाही. सवयीने तारीख-वेळ तेवढी बरोबर केली. त्यामुळे त्या दुपारची फाइल संगणकाच्या लेखी पंधरा वर्षे जुनी झाली आणि सहा वाजता स्क्रिप्टने ती पुसली. कोणी मुद्दाम पुसलेली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी नको, म्हणून हे सांगतो.

काल लंकाबाई शुद्धीवर आल्या. घंटी दाबली होती असे त्या सांगतात. बाई आत झोपली होती, घंटी दाबलीच नाही, असे मॅनेजरांचे म्हणणे आहे. मला ते म्हणाले, "बोरस्ते, फाइल नाही म्हणजे घंटी नाही. नसती आफत कशाला ओढवून घेतो?" सिव्हिलच्या जिन्यात लंकाबाईंचे पती झिपरू भेटले. म्हणाले, "साहेब, तुमच्या कॉम्पुटरात काय हाय ते सांगा. ती लबाड नाय बोलायची." मी 'बघतो' म्हणालो. मला माझीच लाज वाटली.

लंकाबाई खरे बोलतात.

मग घंटी कोणालाच ऐकू कशी आली नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, ओल धरून ती उगाच वाजायची, सगळे वैतागले होते. जानेवारीत मॅनेजर म्हणाले, आवाज बंद कर. तो मी माझ्या हाताने बंद केला. स्क्रीनवर लक्ष ठेवीन असे तेव्हा म्हणालो होतो.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद तुमच्याच अंगावर येईल, ठेवायचा का, असे हवालदारांनी विचारले. ठेवा म्हणालो. बाकी मजकूरही मी सांगितला तसाच आहे. सही करत आहे.